गूगलचं रीड अलाँग, दुसरीच्या वर्गात वापरून बघितलं

आमची झेडपीची शाळा, ग्रामपंचायतीने टॅब दिलेत, नेट म्हणाल तर आलं तर आलं. म्हणून हे वाचनाच्या सरावाचं अ‍ॅप बरं पडतं, गोष्टी एकदा डाऊनलोड केल्या की ऑफलाइन चालतं, फुकट आहे आणि मधेच जाहिराती येत नाहीत. २०१९ ला आलं तेव्हा नाव बोलो होतं, २०२० मधे बदललं. मराठी आहेच, प्रथम बुक्सच्या गोष्टीपण आहेत.

पोरगं मोठ्याने वाचतं, अ‍ॅपमधली बोलणारी मदतनीस दिया ऐकते, अडलं की त्या शब्दावर बोट ठेवायचं मग ती म्हणून दाखवते. आमच्यातली एक मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, पण दियासमोर 'विहीर' शब्द तीन वेळा दाबून ऐकला आणि मग खणखणीत वाचला, वर माझ्याकडे बघून म्हणते बाई स्टार मिळाला!

पण सगळ्यांना एकदम टॅब देऊ नका हां. शेजारच्याचा आवाज माईकमधे शिरतो आणि नुसता मासळीबाजार. मी दोघा-दोघांना व्हरांड्यात बसवते, पंधरा मिनिटं बास, बाकीचे तोवर पाटीवर लिहितात. स्टारसाठी सोपीच गोष्ट परत परत वाचणारे महाभाग असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. आणि वाचलेलं कळलं का ते आपणच विचारायचं, गोष्टीत पुढे काय झालं सांग म्हटलं की खरं काय ते कळतं.

टॅब मात्र रडके, चार्जिंगची पिन दिवाळीआधीच ढिली झाली. घेताना कव्हर आणि जादा चार्जर मागूनच घ्या.