पीएचडीच्या काळातील इंटर्नशिप: रुग्णालयाचा मानसोपचार विभाग की वस्तीतील समुपदेशन केंद्र?

मानसशास्त्रात पीएचडी करताना इंटर्नशिप कुठे करावी, असे विचारणाऱ्या सोलापुरातील विद्यार्थ्यांसमोर सहसा दोन वाटा असतात: मोठ्या रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, किंवा पूर्व भागात, विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) चालणारे एखादे समुपदेशन केंद्र. दोन्हीकडे मी प्रशिक्षणार्थींच्या कामावर देखरेख केली आहे.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. केवळ पीएचडी आणि इंटर्नशिप यांच्या जोरावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी मिळत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रमच पूर्ण करावा लागतो. तेव्हा निवड करायची ती काय शिकायला मिळेल एवढे पाहूनच.

रुग्णालयात आजारांची ओळख पक्की होते. स्किझोफ्रेनिया, उन्माद, व्यसनमुक्तीच्या काळातील भ्रम हे सारे एकाच आठवड्याच्या ओपीडीत दिसते आणि शंका आली तर मानसोपचारतज्ज्ञ शेजारच्या खोलीत असतात. चाचण्यांचा हातही तेथेच बसतो, कारण दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मुलांना घेऊन आलेल्या पालकांची रांग संपत नाही. लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असल्याने त्या एका आकड्यावर घराचे बरेच काही अवलंबून असते आणि बुद्ध्यंक काढताना हयगय चालत नाही, हे विद्यार्थ्याला लवकर उमगते. मात्र तेच काम गळ्यात पडले, तर वर्षाअखेरीस तो उत्तम चाचणी घेणारा होतो. समुपदेशन करणारा होईलच असे नाही. ओपीडीत भेटलेला माणूस पुन्हा त्याच्याच समोर येईल याचा भरवसा नसतो.

वस्तीतील केंद्रात तोच माणूस आठ-दहा आठवडे येतो. नवऱ्याचे पिणे, बचत गटाचा थकलेला हप्ता, दहावीत नापास झालेला मुलगा अशा गोष्टींसह तो येतो आणि निदानाच्या चौकटीत न बसणारे दुःख ऐकायची सवय येथेच लागते. विडी कामगार स्त्रीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. तिने तासभर केंद्रात बसणे म्हणजे तेवढ्या विड्या कमी होणे. ती दोन वेळा आली नाही, तर ‘उपचाराला विरोध’ असे टिपणात लिहिण्याआधी विड्या जमा करण्याची वेळ विचारावी, हे माझ्या प्रशिक्षणार्थींना मी पहिल्याच आठवड्यात सांगते.

भाषेचा प्रश्न त्याहून कठीण आहे. पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, काही घरांत कन्नड. एकदा एका प्रशिक्षणार्थीने आईशी बोलताना तिच्या बारा वर्षांच्या मुलीलाच दुभाषी केले. आई बराच वेळ बोलत राहिली आणि मुलगी म्हणाली, ‘‘काही नाही, झोप येत नाही म्हणते.’’ पुढच्या भेटीत तेलुगू जाणणारी कार्यकर्ती बसली, तेव्हा कळले की आई जगणे नकोसे झाल्याचे सांगत होती आणि मुलीने तेवढेच गाळले होते. मुलीचा काय दोष? दोष आम्हा देखरेख करणाऱ्यांचा होता. दुभाषी कोण असावा, हे आम्ही आधी ठरवलेच नव्हते.

म्हणून माझ्या मते खरी तुलना इमारतींची नसून देखरेखीची आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या निकषांनुसार तेथील डॉक्टरेट इंटर्नला आठवड्याला किमान ४ तास सुपरव्हिजन मिळावे लागते, त्यांपैकी २ तास वैयक्तिक, आणि मूल्यमापन करणाऱ्याने त्याचे काम प्रत्यक्ष पाहिलेले असावे लागते. आपल्याकडे वस्तीतील केंद्रांत ‘अडचण आली तर फोन कर’ एवढ्यावर बऱ्याचदा भागवले जाते. विद्यार्थी सांगेल तेवढेच मार्गदर्शकाला कळणार असेल, तर न सांगितलेल्या चुका वर्षभर तशाच राहतात. सेशनमध्ये सोबत बसणे, किंवा समोरच्याची लेखी संमती घेऊन ध्वनिमुद्रण ऐकणे, याला पर्याय मला सापडलेला नाही. रुग्णालयातही सुपरव्हिजन निदानाचेच अधिक होते, समुपदेशनाचे कमी. तरीही जोखमीच्या प्रसंगी तेथे विद्यार्थी एकटा पडत नाही.

विद्यावेतन आणि वेळा दोन्हीकडे ज्याच्या त्याच्या ठरलेल्या असतात. त्यावरून निर्णय करू नये.

ज्याने गंभीर मानसिक आजार कधी जवळून पाहिलेला नाही, त्याने निदान पहिले सहा महिने रुग्णालयात काढावेत. नैराश्य समजून ज्याच्याशी आपण बोलत आहोत त्याला भास होत आहेत, हे ओळखता आले पाहिजे. ज्याची ती तयारी झाली आहे, त्याने निःशंकपणे वस्तीतील केंद्र निवडावे. केंद्रातील लोकांना प्रबंधाची सामग्री समजून मात्र जाऊ नये. संशोधनासाठी नैतिकता समितीची मंजुरी आणि वेगळी संमती लागते, आणि नकार देणाऱ्याला समुपदेशन तसेच मिळत राहिले पाहिजे.

केंद्र पाहायला जाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: संध्याकाळी सात वाजता समोरची व्यक्ती जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलू लागली, तर मी कोणाला बोलावायचे? भिंतीवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावलेला असेल आणि तो असावाच. पण त्याखेरीज त्या वेळी हजर असणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीचे नाव उत्तरात येत नसेल, तर त्या केंद्रात अजून इंटर्न घेण्याची तयारी झालेली नाही.