२० जुलैची चौकट झकास, २७ ऑक्टोबरची चुकलेली

ठाण्याच्या नौपाड्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात एक भिंतीवरचं कॅलेंडर मिळतं: एकाच तारखेला जन्मलेले शोधयात्री आणि आपापल्या क्षेत्रातले अग्रणी. कल्पना फार चांगली आहे. २० जुलैला आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ (१८७३) आणि एडमंड हिलरी (१९१९) शेजारी शेजारी आहेत. एकानं १९०६ मध्ये पॅरिसमध्ये विमान उडवलं, दुसरा १९५३ मध्ये एव्हरेस्टवर पोचला. ही जोडी अगदी पक्की.

घोळ होतो तो जुन्या शतकांत. ९ मार्चला दर्यावर्दी अमेरिगो व्हेस्पुची (१४५४) आणि अंतराळवीर युरी गागारिन (१९३४) एकत्र छापलेत. व्हेस्पुचीची ही रूढ तारीख युरोपातल्या जुन्या, ज्युलियन कालगणनेतली आहे. आजच्या ग्रेगोरियन हिशेबानं ती १८ मार्च येते. पंधराव्या शतकातल्या तारखेत ९ दिवस मिळवायचे, सोळाव्या-सतराव्यातल्या १०, अठराव्यातल्या ११. मात्र माणूस कुठे जन्मला तेही पाहायचं, कारण इटली, स्पेन, पोर्तुगालनं कालगणना १५८२ मध्ये बदलली, ब्रिटननं १७५२ मध्ये आणि रशियानं थेट १९१८ मध्ये.

जुनी तारीख तशीच ठेवायला हरकत नाही, पण मग सगळ्यांचीच ठेवावी. इथे न्यूटन नव्या पद्धतीनं ४ जानेवारीला आहे आणि कॅप्टन जेम्स कुक जुन्या पद्धतीनं २७ ऑक्टोबरला. कुकच्या तारखेत ११ दिवस मिळवले असते तर तो ७ नोव्हेंबरला, मेरी क्युरी आणि सी. व्ही. रामन यांच्या पंगतीत बसला असता. वर्षातली सर्वात देखणी चौकट हातची गेली!

तेनझिंग नोर्गे २९ मेला आहेत. त्यांना जन्मतारीख ठाऊकच नव्हती. शिखर सर केलं तो दिवस त्यांनी वाढदिवस मानला. कल्पना चावला १७ मार्चला (१९६२), कागदोपत्री मात्र १ जुलै १९६१. दाखल्यावर १ जून लागलेल्या आपल्याकडच्या पिढीला हे समजावून सांगावं लागणार नाही, तरी तळटीप हवीच होती. आणि ठाण्यात विकायच्या कॅलेंडरात कल्याणला जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी (३१ मार्च १८६५) नसाव्यात, हे फार खटकतं.

कागद जाड आहे, पण लॅमिनेशन एकाच बाजूला. पावसाळ्यात मागची बाजू दमट हवा शोषून फुगते, पुढची फिल्म ताणत नाही, म्हणून पान पुढे वळतं. खालच्या कडेला दोन बाइंडर क्लिप लावल्या की सरळ राहतं. घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या काँक्रीटच्या भिंतीत साधा खिळा वाकतो. तिथे ६ मिमीचं भोक पाडून प्लग आणि स्क्रू लावा. लॅमिनेशनवर पेन्सिल उठत नाही. बारीक टोकाचा सीडी मार्कर घेऊन जुन्या पद्धतीच्या तारखांपुढे ‘जु.’ लिहा आणि मगच वर्गात टांगा.