सी भाषेत रकाने जुळवताना: टॅब की ठरावीक रुंदी?

किराणा बिलासारखा तक्ता छापायचा तर सुरुवातीला सगळे बॅकस्लॅश-टी, म्हणजे टॅबचं चिन्ह, वापरतात. लिहायला सोपं, पण टॅब म्हणजे ठरावीक मोकळी जागा नव्हे. तो कर्सरला पुढच्या थांब्यावर नेतो आणि टर्मिनलमध्ये हे थांबे सहसा दर ८ घरांवर असतात (एक घर म्हणजे एका अक्षराची जागा). रोमन लिपीत 'साखर' ६ अक्षरांची, म्हणून तिचा भाव ९व्या घरापासून छापला जातो. 'शेंगदाणे' ९ अक्षरांचे, त्यांचा भाव थेट १७व्या घरात. रकाना तिथेच मोडतो. दोन टॅब टाकले तर लहान नावंही पुढे सरकतात, दुरुस्ती काहीच होत नाही.

त्याऐवजी प्रिंटएफमध्ये, म्हणजे सीच्या छापण्याच्या फंक्शनमध्ये, टक्के चिन्हानंतर रुंदी द्या. नावासाठी उणे १२ आणि एस: उणे चिन्हामुळे मजकूर डावीकडे चिकटतो. भावासाठी ८.२ आणि एफ: एकूण ८ घरं, दशांशानंतर २ अंक, आकडे उजवीकडे. नाव १२ पेक्षा मोठं निघालं तर ते कापलं जात नाही, पुढचं सगळं ढकलतं. कापायचंच असेल तर उणे १२.१२ लिहा.

देवनागरीत मात्र जपून. सी इथे अक्षरं नव्हे, बाइट (साठवणीचं एकक) मोजते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत 'साखर'चे १२ बाइट होतात, त्यामुळे १२च्या रुंदीत एकही मोकळी जागा भरली जात नाही.

पडद्यावरच्या तक्त्याला रुंदीच द्यावी. आउटपुट एक्सेलमध्ये चिकटवायचं असेल तेव्हा मात्र टॅबच हवा, कारण तिथे प्रत्येक टॅबला नवा कॉलम मिळतो.