बफची सुसंगतता तपासणी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरातील चादर आणि टॉवेलच्या कारखान्यांसाठी साठा, चलन व बिलांचे सॉफ्टवेअर आम्ही चौघे सांभाळतो. सर्व्हर एकच आहे, पण गोदामातले मोबाइल ॲप, कार्यालयातला जुना डेस्कटॉप प्रोग्राम आणि व्यापाऱ्यांचे संकेतस्थळ हे तिन्ही त्याच्याशी एकाच एपीआयने, म्हणजे प्रोग्रामांमधल्या देवाणघेवाणीच्या ठरलेल्या पद्धतीने, बोलतात. हा एपीआय आम्ही प्रोटोबफमध्ये, म्हणजे संदेशांचा आराखडा मांडण्याच्या भाषेत, लिहितो. त्यात जुने प्रोग्राम बिघडवणारे बदल वेळीच कळावेत म्हणून गेले आठ महिने आम्ही बफ या साधनाची तपासणी वापरत आहोत; ती आराखड्याच्या नव्या फायलींची जुन्यांशी तुलना करते.

ती घेण्याची वेळ आमच्याच चुकीने आणली. नव्या ॲपला लागत नाही म्हणून आम्ही जीएसएमचे (कापडाच्या दर चौरस मीटरच्या ग्रॅममधल्या वजनाचे) फील्ड, म्हणजे संदेशातला रकाना, काढले आणि त्याचा ७ हा क्रमांक सवलतीच्या फील्डला दिला. प्रोटोबफच्या बायनरी संदेशात फील्डचे नाव जात नाही, क्रमांक जातो. त्यामुळे जुना डेस्कटॉप प्रोग्राम सवलतीचा आकडा जीएसएम म्हणून छापू लागला. आता असा बदल मुख्य शाखेत, म्हणजे कोडच्या सामायिक प्रतीत, येण्यापूर्वीच अडतो, आणि काढलेल्या फील्डचा क्रमांक व नाव पुन्हा वापरता येऊ नये म्हणून राखीव केल्याशिवाय तपासणी पुढे जाऊ देत नाही.

बफच्या नियमांचे तयार गट आहेत; त्यांतला गट मात्र विचारपूर्वक निवडावा. मूळचा 'फाइल' गट सर्वांत कडक असून क्रमांक राखीव केला तरी फील्ड काढू देत नाही, तर 'वायर' गट फक्त बायनरी रूपाची काळजी घेतो. आमचे संकेतस्थळ जेसन हे मजकुराचे रूप वापरते, आणि जेसनमध्ये प्रोटोबफचा इंट६४ (६४ बिटांचा पूर्णांक) अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून जातो. इंट३२ चा इंट६४ केला तर 'वायर' गट हरकत घेत नाही, पण ब्राउझरमधली बेरीज बिघडू शकते. म्हणून आम्ही बायनरी व जेसन दोन्ही रूपे तपासणाऱ्या 'वायर-जेसन' गटावर स्थिरावलो आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

तुलना कशाशी करायची, हेही ठरवावे लागते. सुरुवातीला आम्ही मुख्य शाखेशी तुलना करत होतो, तेव्हा कालच लिहिलेले आणि कोणाकडेही न पोहोचलेले फील्डसुद्धा बदलता येत नसे. शेवटच्या टॅगशी, म्हणजे प्रकाशित आवृत्ती म्हणून खूण केलेल्या प्रतीशी, तुलना सुरू केल्यावर तो जाच संपला.

तरीही या तपासणीच्या आवाक्याबाहेरचे एक संकट आम्ही अनुभवले. टॉवेलचा व्यवहार डझनावर चालतो, म्हणून आमच्या सहकाऱ्याने संख्येच्या फील्डमध्ये नगांऐवजी डझन पाठवायला सुरुवात केली. नाव, क्रमांक, प्रकार सगळे तेच राहिल्यामुळे तपासणी निर्वेध पार पडली. दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात २४० टॉवेलांच्या चलनावर '२० नग' छापून आले. टेम्पो भरून दारात उभा होता; दिवाणजींनी गठ्ठे मोजले म्हणूनच चूक पकडली गेली. आकड्याचा अर्थ बदलला हे कोणत्याही साधनाला फायलीवरून कळणे शक्य नाही, आणि मला वाटते, एपीआय बदलणाऱ्या प्रत्येकाने सर्वाधिक भीती याच बदलाची बाळगावी.

त्यानंतर एककाचे नाव फील्डच्या नावातच लिहायचे, आणि अर्थ बदलत असेल तर नवे फील्ड व नवा क्रमांक घ्यायचा, असे आम्ही ठरवले. आज सर्व्हर जुन्या फील्डमध्ये नग आणि १२ क्रमांकाच्या नव्या फील्डमध्ये डझन, असे दोन्ही आकडे पाठवतो. जुना डेस्कटॉप प्रोग्राम अजून तीन कारखान्यांत चालू आहे. तिथली शेवटची आवृत्ती बदलेपर्यंत नगांचे फील्ड आम्ही काढणार नाही.