ऐरोलीची फ्लेमिंगो बोट राइड, बाबांसोबत जायला एकदम मस्त

फादर्स डे येतो जूनच्या तिसऱ्या रविवारी, ऐन पावसाच्या तोंडावर, आणि तोवर ठाणे खाडीतले बरेचसे फ्लेमिंगो निघून गेलेले असतात, पावसात बोटीही बंद, म्हणून आमच्या पोरांनी यंदा तो फेब्रुवारीतच उरकला. कल्पना मोठीची, धाकट्याने फक्त जोरात हो म्हटलं. मॉल, केक, शर्ट यातलं काही नको, बाबाला ऐरोलीला न्यायचं आणि तिथे आपण गाइड व्हायचं, असं दोघांचं ठरलं.

ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र खाडीला लागूनच आहे. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली स्टेशन आणि पुढे रिक्षा, आम्ही तसंच गेलो. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे स्लॉट रोज बदलतात, आधी बुकिंग करूनच निघा. सुट्टीच्या दिवशी आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर पोरांना घेऊन अजिबात जाऊ नका.

लाइफ जॅकेट घालून बोट निघाली की दोन्ही बाजूंना खारफुटी, चिखलातून वर आलेली तिची मुळं, त्या चिखलात टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या (हे चिखलात राहणारे छोटे मासे), मधेच एखादा खंड्या. पोरांनी वहीत आधीच चित्रं काढून आणली होती, दिसलं की टिक करायचं आणि बाबाने ओळखायचं. छोटा फ्लेमिंगो आणि मोठा फ्लेमिंगो यातला फरक लेकीने समजावला, छोट्याची चोच गडद लालसर, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. नवऱ्याने दोनदा चुकीचं सांगितलं तर धाकटा इतका खूश की विचारू नका, बाबाला आपण काहीतरी शिकवतोय हे त्याच्यासाठी फार मोठं होतं!

आणि मग थवा दिसला. शेकडो पक्षी माना खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाण्यातून शेवाळ गाळून खात होते. त्यांचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो, पिल्लं जन्मतात तेव्हा राखाडी-पांढरीच असतात. फ्लेमिंगो एका वेळी एकच अंडं घालतात आणि आई-बाबा दोघंही आळीपाळीने ते उबवतात, पिल्लाला गळ्यातलं लाल दूध पण दोघंही पाजतात, बाबा सुद्धा, आणि पाजता पाजता दोघांचाही रंग फिका पडत जातो. हे लेकीने घरूनच वाचून ठेवलं होतं. तिने सांगितल्यावर नवरा थोडा वेळ काही बोललाच नाही, मग दुर्बीण मागून घेतली आणि फिक्या रंगाचे पक्षी शोधत बसला. त्या तासाभरात त्याने फोन खिशातून काढला तो फक्त फोटोसाठी. रविवारी सुद्धा ऑफिसचे कॉल घेणारा माणूस आहे हो, मला याचंच सगळ्यात जास्त बरं वाटलं.

या खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलंय आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही तिचं नाव आलं. आपल्या इतक्या जवळ, ऐरोली पुलावरून रोज जाता-येता दिसणाऱ्या पाण्यात हे आहे, याचा अभिमान वाटायलाच हवा.

बोटीत काही मंडळी शिट्ट्या मारत होती, पक्षी उडावेत म्हणून. प्लीज असं करू नका, त्यांचं खाणं मोडतं आणि आपल्या मुलांनाही तेच शिकवलं जातं. अगदी लहान बाळं असतील तर अजून थोडं थांबा, ऊन लागतं आणि कंटाळतात. टोपी, पाणी आणि दुर्बीण मात्र हवीच, विकत घ्यायची गरज नाही, आम्ही शेजाऱ्यांकडून आणली होती. डब्यात पोरांनी स्वतः केलेले दडपे पोहे होते, नारळ मी खवून दिला, बाकी सगळं त्यांचं, ते आम्ही बोटीतून उतरल्यावर खाल्ले.

माझ्याकडून पाच पैकी पाच. फेब्रुवारी-मार्चमधला एखादा रविवार आत्ताच बाबांच्या नावाने बुक करून टाका, आणि कोणता पक्षी कसा ओळखायचा ते पोरांकडून आधी वाचून घ्या.