बॉबी जोन्सच्या दोन गोल्फमालिका: आधी कोणती बघावी?

1930 मध्ये अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सने ब्रिटन आणि अमेरिकेच्या खुल्या व हौशी अशा चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या आणि अवघ्या 28 व्या वर्षी स्पर्धा सोडल्या. मग वॉर्नर ब्रदर्ससाठी त्याने गोल्फ शिकवणारे लघुपट केले. 1931 चे ‘हाऊ आय प्ले गोल्फ’ बारा भागांचे, 1933 चे ‘हाऊ टू ब्रेक नाइन्टी’ सहा भागांचे. दोन्हींचा दिग्दर्शक जॉर्ज मार्शल, आणि एकेक भाग साधारण दहा मिनिटांचा.

पहिली मालिका क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठ्यांच्या, क्रमाने चालते. सुरुवात पटरपासून (चेंडू हळूच होलमध्ये ढकलायचा क्लब), मग चिप (होलजवळचा छोटा उचललेला फटका), निब्लिक असं करत सर्वांत लांब मारणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत. आधी होलजवळचा लहानसा फटका, मग हळूहळू लांबचे. शिकवण्याचा हा क्रम मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो. अडचण जुन्या नावांची. निब्लिक म्हणजे साधारण नऊ नंबरचा आयर्न (पातळ लोखंडी डोक्याचा क्लब), मॅशी-निब्लिक म्हणजे सात, स्पून म्हणजे तीन नंबरचा वुड (लांबच्या फटक्याचा, जाड डोक्याचा क्लब), एवढं लक्षात ठेवलं की भागतं. हातातले क्लब मात्र हिकरी लाकडाच्या दांड्याचे. त्या दांड्याला घाई सोसत नाही, तो पिळवटतो. त्यामुळे जोन्सची संथ लय आणि क्लब मागे नेताना उचलली जाणारी डावी टाच डोळे भरून बघावी. पोलादी क्लब घेऊन तशीच्या तशी उतरवायला जाऊ नये.

दुसरी मालिका क्लब बाजूला ठेवून शरीराकडे वळते: ग्रिप (क्लबची पकड), बॅकस्विंग (क्लब मागे नेणं), कंबर, डाउनस्विंग (तो खाली आणणं), इम्पॅक्ट (चेंडूला भिडण्याचा क्षण). इथे कॅमेराच मास्तर होतो. स्लो मोशन तर आहेच, शिवाय जोन्सला अर्धे काळे, अर्धे पांढरे कपडे घालून शरीराचा हवा तेवढाच भाग उठून दिसेल अशी युक्ती केली आहे. कंबर आधी वळते की हात, हा वाद तोंडी कितीही घातला तरी मिटत नाही. पडद्यावर तो डोळ्यांनी सोडवता येतो. बोलपट जेमतेम रुळत असताना कुणाला हे सुचलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

दोन्हींत जोन्सभोवती हॉलिवूडच्या नटांचे हलकेफुलके प्रसंग गुंफले आहेत. ते कधी रंगतात, कधी नुसते वेळ खातात. त्यांतला विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्स हवा असेल तर 1933 चा ‘हिप अ‍ॅक्शन’ लावा.

खेळ सुधारायचा असेल तर 1933 ची मालिका आधी, आणि तीही ओळीने. त्या काळचा गोल्फ आणि सिनेमा बघायची हौस असेल तर 1931 ची. पटिंग, म्हणजे पटरने चेंडू होलमध्ये घालणं, सतावत असेल तर मात्र कुठलीही मालिका निवडलीत तरी 1931 चा ‘द पटर’ चुकवू नका.