स्ट्रोक युनिट : गुठळी निघाल्यानंतरचे चोवीस तास

वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून पुण्यातल्या या हॉस्पिटलात आणलं. मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद, उजवा हात लुळा, तोंडातून शब्द फुटेना. सीटी स्कॅन, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि लगोलग कॅथलॅबमध्ये जांघेतून नळी घालून गुठळी बाहेर. डिपॉझिटसाठी कुणी अडवलं नाही. इथवर पैकीच्या पैकी गुण.

पण खरी सेवा त्यानंतर दिसली. रक्त सुरू झालं म्हणजे सुटलो, असं घरच्या सगळ्यांना वाटत होतं. न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी स्कॅन दाखवून आधीच सांगितलं होतं : मधला भाग गेलेला आहे, भोवतीचा उपाशी पण जिवंत आहे, आपली धडपड त्याच्यासाठी. मात्र बराच वेळ रक्त न मिळालेल्या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत झालेल्या असतात. रक्त परत आलं की कधी सूज येते, कधी रक्तस्राव होतो. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत इंजेक्शन दिलेल्यांपैकी 6.4 टक्के रुग्णांची तब्येत मेंदूतल्या रक्तस्रावाने बिघडली होती, न दिलेल्यांत 0.6 टक्के. तरी तीन महिन्यांनी चांगले सावरलेल्यांत इंजेक्शनवालेच जास्त होते. सही घेण्याआधी हे आकडे सांगणारे डॉक्टर मला फार मोलाचे वाटतात.

रात्रभर सिस्टर येत राहिल्या. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी. टॉर्चने बाहुल्या बघायच्या, "काका, डोळे मिटा, दोन्ही हात समोर धरा" म्हणायचं आणि उजवा हात किती खाली येतो ते लिहायचं. बीपी 180/105 च्या वर जाऊ द्यायचं नाही, अशी चिठ्ठी पलंगाला लावलेली. आत्याने ॲस्पिरिनचा हट्ट धरला तेव्हा, चोवीस तासांनंतरचा स्कॅन बघितल्याशिवाय नाही, असं सिस्टरनी शांतपणे पण ठाम सांगितलं. त्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता.

दोन गोष्टी खटकल्या. रविवारी फिजिओथेरपी बंद असते आणि स्पीच थेरपिस्ट बाहेरून बोलवावा लागतो. बोलणं गेलेल्या माणसासाठी ही सोय इथेच हवी. म्हणून पाचपैकी चार.

पेशंट आणणार असाल तर तो शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी हाताशी ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर इंजेक्शनचा निर्णयच बदलू शकतो.